तीन हात फीत

एदुविहेसच्या दाराला पाटी नाही.
पोसो ओंदोत कोणालाही विचारा, म्हणतील,
बंद पडलेल्या स्टेशनामागे, मिठाच्या वाटेवर,
जिथे बकऱ्या दारातच बसतात आणि उठत नाहीत.

रविवारी अख्खा गाव मांस भाजतो.
सोमवारी इथे येतो.
खाटीक येतो, पोटावर हात ठेवून, जणू ते दुसऱ्याचं आहे.
मास्तरीणबाई येते, म्हणते, काही खाल्लंच नाही,
आणि ढेकर तिची चहाडी करतो.

एदुविहेस कोणाला काय खाल्लं ते विचारत नाही.
फितीचं एक टोक हातात देते:
धर, बरगड्या संपतात तिथे, खळगीत.
पिवळी फीत, लग्नातल्या कुठल्याशा खोक्याची,
कोणाच्या लग्नातल्या, ते सांगत नाही.
मग कोपरापासून मधल्या बोटापर्यंत
एक हात. दोन हात. तीन.
ओठ हलतात, आवाज नाही.
कोपर पोटाशी टेकलं तर घरी जा.
छातीशी आलं तर अडकलंय.
गळ्याशी आलं तर तीन दिवस या,
आणि ज्याच्याशी भांडलात त्याच्या ताटातलं खाऊ नका.

मी तिची सून. चूल माझ्याकडे.
पाइको: रॉकेलसारखा वास, जंतांवर, चिमूटभरच,
पोटुशीला मुळीच नाही.
बोल्दोची पानं दोन. तिसरं टाकलं की पाणी सूड घेतं.
पोलेओ वातावर.
पेपेरिना कशावरही, म्हणजे कशावरच नाही,
घटकाभर बसायला निमित्त.
किटली गुणगुणायला लागली की उतरव, ती म्हणते,
ओरडायला लागली म्हणजे उशीर झाला.

माझा नवरा ट्रक घेऊन रोसारियोला गेला.
अकरा वर्षं झाली.
सासू एकदाच म्हणाली, ये, तुझंही मोजू.
कोपर कुठे टेकलं ते तिने सांगितलं नाही.
मीही खाली पाहिलं नाही.

ऑगस्टमध्ये, धुळीच्या दिवसांत, आनिबाल कोरोनेल आला,
रेल्वेतला जुना सांधेवाला.
फीत देता देता तिने विचारलं, शौचाचा रंग?
तो लाजला. मग म्हणाला, डांबर.

तिने फीत गुंडाळली.
मला किटली उतरवायला लावली.
हे माझं काम नाही, म्हणाली.
चाळीस वर्षं येतोय, तो ओरडला, आज कपभर पाणीसुद्धा नाही?
नाही. पाणीसुद्धा नाही.
शेजारच्या पोराची गाडी, इस्पितळ नव्वद किलोमीटर,
तो खिडकीतून शिव्या देत गेला.
त्या रात्री तिच्या ताटावर माशा बसल्या.

नोव्हेंबरात परत आला, अर्ध्या पोटाचा,
विजार सुतळीने बांधलेली, टोपीत सहा अंडी.
अंडी ठेवली. बोलला नाही.
पेपेरिनाची दोन पानं, कोमट पाणी, चमच्याने.
मग तिने फीत काढली.
आता काय मोजतेस, मोजायला उरलंय काय?
सवय, ती म्हणाली.
एक हात. दोन.
तिसऱ्याला दोघंही हसायला लागली,
कशाला ते मला कळलं नाही.

गुड फ्रायडेच्या रात्री तिने मला शब्द दिले.
कानात, दिवा विझवून.
वाटलं होतं, काही मोठं असेल.
इतके साधे, की विसरायचीच भीती.
ते इथे लिहायचे नाहीत.
पोटात ठेवायचे असतात. ठेवलेत.

आज सोमवार. दारात बकऱ्या, बकऱ्यांमागे खाटीक.
माझा हात तिच्याहून आखूड,
तीन भरले तरी फीत उरते.
ती खाटेवरून बघते, काही म्हणत नाही.

सगळे गेल्यावर मी टोक तिच्यापुढे करते.
तो तिचाही मुलगा होता,
अकरा वर्षांत तिचं कोणी मोजलं नाही.
धर, मी म्हणते.
अंडी उकडायला ठेव आधी, ती म्हणते.
आणि धरते.